तपासून घेतलेल्या गोळ्या

औषधाच्या दुकानात काउंटरमागे बावीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे 'अर्धा डॉक्टर' म्हणत. त्याला ते आवडायचं. खोटं औषध कसं ओळखायचं हे तो गिऱ्हाइकांना फुकट शिकवी, आणि कुणी फसून आला की वर विचारी, डोळे काय घरी ठेवून गेला होतात?

त्या सकाळी डबा भरता भरता बायको सहज म्हणाली, "अहो, या वेळच्या गोळ्या बऱ्या आहेत. अजिबात कडू लागत नाहीत."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. कंपनीने वरचा लेप बदलला असेल, असं काहीतरी तो पुटपुटला. ती कामावर गेली.

तिला फिट्स यायच्या. गोळ्यांमुळे दोन वर्षं एकही आली नव्हती, म्हणून तर ती लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी राहू शकत होती. तापलेल्या दोन प्लेटांमध्ये चादर सरकवायची आणि वरची प्लेट खाली यायच्या आत हात मागे घ्यायचा. आजाराचं तिथे कुणाला माहीत नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी दुकानाच्या शेठने याचा पगार अर्ध्यावर आणला. गोळ्या उधार मागितल्या असत्या तर शेठ नाही म्हणाला नसता. पण 'उधार बंद'ची पाटी यानेच चिकटवलेली. त्या पाटीकडे बोट दाखवून यानेच म्हाताऱ्याकोताऱ्यांना परत पाठवलेलं. त्याच तोंडाने मागायचं कसं?

मग एक पिशवीवाला भेटला, दारोदार औषधं विकणारा. अर्ध्या किमतीत गोळ्या. त्याने गळ घातली नाही. तुम्हीच तपासा साहेब, म्हणाला, तुम्हाला फसवायची माझी काय टाप? झालं. याने बॅच नंबर पाहिला, मुदत पाहिली, सील पाहिलं, छपाईवर नख घासून पाहिलं. एक चूक सापडेना. सापडणार कुठून? जाणकार जे जे बघतो ते ते त्या हरामखोराने आधीच खरं करून ठेवलं होतं. अर्ध्या किमतीत का, एवढं मात्र याने विचारलं नाही. उत्तर ऐकायचंच नव्हतं.

दुकानात त्याने खरी गोळी फोडून जिभेवर ठेवली. तोंड कडूजहर झालं. मग खिशातून घरची काढली. खडूची भुकटी, वर थोडी साखर.

नऊ दिवस ती हे खात होती.

लाँड्रीत फोन लावला, कुणी उचलेना. समोर पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "शेठ, दोन पाकिटं उधार द्या. मी बाहेरून खोट्या गोळ्या घेतल्या. बायको खातेय त्या."

"डॉक्टर, तुम्ही?" शेठ म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं. तोवर पाकिटं उचलून तो पळत सुटला होता.

लाँड्रीत ती यंत्रापाशीच होती. कोपरापर्यंत आत. त्याने तिला दोन्ही खांदे धरून मागे ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. यंत्राच्या आवाजामुळे ओरडूनच सांगावं लागलं. मुकादम बाईने शब्द न् शब्द ऐकला आणि बटण बंद केलं.

बायको चिडली नाही. तिने डावी बाही वर केली. मनगटाच्या वर तळहाताएवढी कातडी सोलवटली होती.

"मंगळवारी," ती म्हणाली. "मधला थोडा वेळ आठवतच नाही. वाफ लागली म्हणून सांगितलं इथे. दवाखान्यात जायचं तर पैसे, आणि तुम्ही आधीच तोंड पाडून बसलेले."

मुकादम बाईने तिचा एप्रन काढून घेतला. उद्यापासून येऊ नकोस, हे बाईला बोलावंही लागलं नाही. त्याने आणलेली गोळी पाण्याबरोबर घेऊन बायको दाराकडे निघाली. आजची गोळी आज लागू पडत नाही, हे अर्ध्या डॉक्टरला पक्कं ठाऊक होतं.

दवाखाना रस्त्यापलीकडे होता. मध्ये ट्रक धावत होते.

"चला ना," ती म्हणाली.

त्याने तिचा धड हात घट्ट धरला आणि तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. पापणी किंचित फडफडली. धूळ गेली असेल. धूळच असेल.

"थांब," तो म्हणाला. "जरा थांब."