सूर्य रेघेवर आला

आत्या गेली एकतीस वर्षं रोज सकाळी कॉलेजच्या गच्चीवरच्या खोलीत बसून, दुर्बिणीतून कागदावर पडणाऱ्या सूर्याचे डाग पेन्सिलीने गिरवत आली होती. सूर्य सरकला की कागदही सरकवायचा, असा तिचा खाक्या. भाची इंजिनीअर झाली, तशी तिने दुर्बिणीला मोटर बसवायचं मनावर घेतलं. आत्यासमोर नाक कापलं जायला नको, ही धाकधूक होतीच.

एक छोटा कॅमेरा प्रतिमा जागेवरून किती ढळली ती चूक मोजायचा आणि त्या हिशोबाने मोटर फिरायची. मोटर सूर्यामागे जाऊ लागली खरी, पण कायम मागेच! कागदावर आखलेल्या गोलापासून प्रतिमा दोन मिलिमीटर बाहेर, ना कमी ना जास्त. जोर वाढवला, तर दुर्बीण हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची.

"चूक असेल तरच मोटर चालते," चौथ्या दिवशी भाची वैतागून म्हणाली. "चूक संपली की थांबणार. मग ती संपेल कशी?"

मोटर बंद होती; कागद अंगठ्याने रेटता रेटता आत्या म्हणाली, "अगं, मी चूक व्हायची वाट बघतच नाही. आधी पुष्कळ चुकले. आता किती वेगानं रेटायचं ते हातालाच कळलंय. हात चालूच ठेवते."

भाची बघतच राहिली. मोटरला फक्त आत्ताची चूक दिसत होती. मागचं काही तिच्या गाठीलाच नव्हतं! तिने प्रोग्रॅममध्ये एकच ओळ वाढवली: झालेली प्रत्येक चूक साठवत जा आणि त्या साठ्यावरही मोटर चालव.

सूर्य गोलाकडे सरकला. गोलाची रेघ ओलांडून पलीकडे गेला. तो परत फिरला, जरासा डुलला आणि बरोब्बर रेघेवर येऊन बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कॅमेरा मोजत होता ती चूक आता शून्य.

"आता चूकच नाही, तर मोटर कशाच्या जोरावर चालतेय?" आत्याने हळूच विचारलं.

"आधीच्या सगळ्या चुकांच्या."

कागदावर एका डागाची करडी झालर केसन् केस दिसत होती. आत्याने ती इतकी स्वच्छ कधीच पाहिली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

"थांबला गं," ती पुटपुटली.

"तो नाही, आत्या. आपण फिरतोय, दुर्बीण तेवढंच उलटं फिरतेय."

हे शाळेपासून पाठ होतं. पण बोलताना पहिल्यांदाच भाचीला पायाखालची फरशी, गच्ची, सगळं शहर संथपणे फिरत असल्याचं जाणवलं आणि तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"खाली बस," आत्या म्हणाली, "पडशील."