दोघांत एक ग्लास

"वा," गोवर्धन म्हणाला. "काय वास हाय."

बाटली त्याने नाकाशी धरली होती आणि डोळे अर्धवट मिटले होते. पौर्णिमा खळखळून हसली. बाटलीचं झाकण अजून तसंच घट्ट बसलेलं होतं.

"बाबा, उघडलीच कुठं अजून?"

बाप गंमत करतोय असंच तिला वाटलं. गोवर्धनही हसला, जरा जास्तच हसला, आणि बाटली तिच्या हातात देऊन टाकली. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सत्यवती मात्र हसली नाही. ओल्या हातांनी पदर सारखा करून ती आत वळली.

राजापेठेतल्या त्या गल्लीत त्यांचं पुढे दुकान होतं आणि मागे घर. दुकानात मसाला कुटायचं यंत्र, आणि यंत्राशेजारी गॅसच्या शेगडीवर परातीएवढ्या तोंडाची कढई. उन्हं तापायला लागली की बाया वर्षभराचा काळा मसाला करून न्यायला येत. धने, दगडफूल, मिरे, लवंगा, खोबरं, सगळं वेगवेगळ्या पुड्यांत बांधून. झारा फिरवायला कुणीही चालायचं. गोवर्धन कढईपासून दूर, दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, कुणाशी तरी बोलत. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "उतरवा." बस, तेवढंच. त्या शब्दावर चांदूर बाजारपासूनच्या बाया बस धरून येत. धन्याचा कच्चेपणा जिथे संपतो आणि जळकेपणा जिथे सुरू होतो, त्या मधल्या बारीकशा जागेवर त्याचं नाक बोट ठेवायचं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो आजारी पडला. ताप उतरला, खोकला गेला, वास परत आला नाही. आला असं त्याने सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरने रोज लवंग हुंगायला सांगितली होती, ती तो कोठीचं दार लावून हुंगायचा. लवंग आता त्याच्यासाठी नाकपुडीला टोचणारी एक काडी तेवढी उरली होती. दुकानात तो खुर्ची सोडून कढईपाशी उभा राहू लागला. रंग बघायचा, धन्याची तडतड ऐकायचा, आणि मनाशी अंदाज बांधून म्हणायचा, "उतरवा."

घरात त्याचा एकच शब्द झाला होता. आधी पहिल्या घासालाच तो थांबायचा. आज हिंग पुढं गेला म्हणायचा, आज वांगं कोणाच्या मळ्यातलं म्हणून विचारायचा. सत्यवती पदराआड हसायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला हरवायला आणखी मन लावून फोडणी करायची. आता काहीही वाढलं तरी "छान". पोत्यात दाणे भरावेत तसं जेवण पोटात भरायचा आणि उठायचा.

पौर्णिमा नाशिकला बँकेत होती. आचल या मैत्रिणीच्या हळदीसाठी आली तेव्हा बापासाठी तिने ही बाटली आणली होती. शिराझ नावाची वाइन. लाल, दमदार, अंगाने भरलेली, असं तिने सांगितलं. एरवी कोणी दारू आणली असती तर सत्यवतीने ती उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावली असती. पण पोरीने हौसेने आणलेली, म्हणून तिने देव्हाऱ्याचा पडदा तेवढा ओढून घेतला. फ्रिजमध्ये ठेवायची नाही, आणि एप्रिलातल्या अमरावतीच्या उन्हात बाहेरही नाही, म्हणून बाटली दुपारभर ओल्या पंच्यात गुंडाळून कूलरसमोर बसवली होती. एखादं तापाचं लेकरू निजवावं तशी. निघताना पौर्णिमाने बापाला बजावलं, बर्फ टाकू नका, घटाघटा पिऊ नका, तोंडात जरा खेळवा. आणि ती आचलच्या हळदीला गेली.

मागच्या अंगणात ऊन भिंतीवर चढून गेलं होतं. गोवर्धनने सरबताच्या काचेच्या ग्लासात थोडी ओतली. रंग इतका गडद की ग्लासापलीकडची त्याची बोटं दिसेनाशी झाली. सत्यवती समोर बाजेवर सूप घेऊन धने निवडत होती. त्याने एक घोट घेतला. तोंडात खेळवला. गिळला.

"कशी हाय?" तिने विचारलं.

"छान."

सत्यवतीने सूप खाली ठेवलं.

"मले तुमच्या छानचा लय कंटाळा आला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वास येत नाई ना तुमाले."

ते विचारणं नव्हतं. गोवर्धनने ग्लास बाजेच्या लाकडावर ठेवला, पुन्हा उचलला. येते ना, काहून नाई येत, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण समोरची बाई त्याच्याकडे सरळ बघत होती.

"कधीपासून मालूम हाय तुले?"

"सुंदराबाईचा मसाला जळला तवापासून."

त्याला काही कळेना. मग तिने सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात शेजारची सुंदराबाई लेकीसाठी मसाला करून घेऊन गेली होती, आणि दुसऱ्या दुपारी मागच्या दाराने डबा परत घेऊन आली होती. झाकण उघडून डबा पुढे धरला फक्त. गोवर्धन जेवून झोपला होता. सत्यवतीने घरातलं सामान काढलं, लहान कढईत निराळा मसाला भाजला, पाट्यावर वाटला, आणि कोणाला सांगणार नाही असं सुंदराबाईकडून देवाशप्पथ वदवून घेतलं. जळका मसाला तिने परसात खड्डा करून पुरला. तेव्हापासून दुकानात कढई चढली की ती काहीतरी निमित्त काढून आतल्या दाराशी येऊन उभी राहायची. दोनदा तिने मुद्दाम हाक मारली होती, गॅस संपत आला का पाहा म्हणून. त्याने कढई उतरवली होती, आणि मसाला वाचला होता.

गोवर्धन ऐकत राहिला. त्या दोन हाका त्याला आठवल्या. त्या वेळी तो तिच्यावर खेकसला होता.

"अन् तू मले सांगतलं नाई."

"तुमी सांगतलं का?"

गल्लीतून शिकवणीची पोरं गाड्या उडवत गेली. ती गेल्यावर गोवर्धनने ग्लास तिच्यापुढे धरला.

"घे. पिऊ नको. वास घे अन् मले सांग."

सत्यवतीने आत, देव्हाऱ्याच्या पडद्याकडे एकदा पाहिलं. मग धने निवडलेले हात पदराला पुसले, दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि विहिरीत डोकवावं तशी ती त्यावर वाकली.

"जांभूळ हाय," ती म्हणाली. "पन तोडलेलं नाई. झाडाखाली पडून फुटलेलं, मुंग्या लागलेलं."

"अजून."

"मिरं. आत्ताच फोडलेलं." ती थांबली, पुन्हा वाकली. "अन् मांगून धूर येऊन राहिला. कपाशीच्या पऱ्हाट्या जळून गेल्यावर चुलीत राह्यते ना, थंडा धूर. तसा."

त्याने ग्लास घेतला आणि घोट तोंडात धरून ठेवला. वास आला नाही. त्याने वाट पाहिली, तरी आला नाही. पण जिभेवर वजन होतं. पाण्यासारखं ते पसरून गेलं नाही. आलेल्या पाहुण्यासारखं बसलं, ऐसपैस. कडांनी जीभ आवळत गेली. मग घोट उतरला, आणि गळ्याशी बारीकसा चटका बसला.

"मिरं," तो म्हणाला. "तू म्हनलं ते मिरं. हितं लागलं." त्याने गळ्यावर बोट ठेवलं.

"वास आला?"

"नाई." तो हसला. या वेळी नेमकं हसायचं तेवढंच हसला. "पन हाय ते समजलं. तू सांगत जाय."

ग्लास इकडून तिकडे जात राहिला. ती हुंगायची आणि सांगायची, तो प्यायचा आणि शोधायचा. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी खुंटा एकमेकींकडे ढकलतात तसं ते चाललं होतं. ती म्हणाली, लाकडाच्या पेटीत ठेवलेल्या शालूले येते तसा वास हाय. तो म्हणाला, दात खरबरीत झाले, कच्चं बोर खाल्ल्यावानी. आता हवा लागून धूर कमी झाला, जांभूळ वर आलं, असं ती म्हणाली तेव्हा त्याने घोट आणखी हळू घेतला. खाण्यापिण्यातली कुठलीही गोष्ट इतकी हळू तोंडात घेऊन त्याला वर्षं झाली होती. शेवटी तिनेच, तो नको म्हणत असता, ग्लासाच्या कडेला ओठ लावले. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "बापा, लयच तुरट," ती म्हणाली, आणि तरी लगेच ग्लास परत केला नाही.

"उद्याच्याले चांदूरची जमुनाबाई येनार हाय," थोड्या वेळाने तो म्हणाला. तिने धन्याचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

सकाळी जमुनाबाई आली. सोबत तिच्या जावा होत्या, पुड्यांनी भरलेल्या पिशव्या होत्या. आल्या आल्या तिने गोवर्धनभाऊंच्या नाकाचं कौतुक जावांना सांगायला घेतलं. गोवर्धनने तिला बोलू दिलं. मग म्हणाला, "बाई, माह्यं नाक गेलं. वास आता हे घेते."

जमुनाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग सत्यवतीकडे. जावांनी एकमेकींकडे. जमुनाबाईने पिशव्या उचलायला हात घातला, तसा गोवर्धनचा हात कढईच्या कानावर आवळला. तिने धन्याची पुडी तेवढी वेगळी काढली, क्षणभर हातात तोलली, आणि सत्यवतीपुढे धरली.

गोवर्धनने दाराजवळची खुर्ची फडक्याने पुसली. सत्यवती तिच्यात अवघडून, अगदी टोकाला बसली. तो कढईपाशी उभा राहिला, झारा हातात घेतला. धने तडतडू लागले, रंग बदलू लागला. त्याने कढईकडे पाहिलं नाही. बायकोच्या तोंडाकडे बघत तो झारा फिरवत राहिला.