शंभर नंबरचं पेट्रोल

अनुजाने जोर लावून किक मारली आणि गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. ती दचकलीच. चौदा महिने लालबागच्या चाळीच्या जिन्याखाली उभी असलेली ब्याण्णव सालची गाडी; ढकलत मेकॅनिककडे न्यावी लागणार, याच तयारीने ती अँटॉप हिलहून आली होती.

कुशाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. चावी त्यांनीच काढून दिली होती.

"हवा भरून आणते, अण्णा."

"आण. पेट्रोल मात्र बघून टाक."

तिने मान वळवली. शनिवारी भेटायला यायचं आणि बापाला थाप मारायची, हे तिचं तिलाच खात होतं. माटुंग्याला हितेंद्र नावाचं गिऱ्हाईक अकरा वाजता गाडी बघायला थांबणार होतं. पण इलाज नव्हता. अण्णांच्या उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेली होती, डावा जेमतेम. गेल्या वर्षी हिंदमाताच्या चौकात ते दुभाजकावर चढले, तेव्हा हॉस्पिटलच्या खाटेवर तिने त्यांच्याकडून शब्द घेतला होता: पुन्हा गाडीवर बसायचं नाही. शब्दाचा भरवसा असला, तरी गाडी डोळ्यांसमोर होती तोवर तिच्या जिवाला घोर होता. आज एकदा ती विकली, की जीव भांड्यात पडणार होता.

परळच्या पंपावर रांग होती, म्हणून ती दादरपर्यंत आली. पन्नाशीचा एक माणूस नळी घेऊन पुढे झाला. शर्टावर राकेश नावाची पट्टी.

"साधं टाका. एक लिटर."

राकेशने गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हिला साधं? अण्णा मला पंपावर उभं राहू देणार नाहीत, ताई. ही कुशाबा अण्णांची ना?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"म्हणजे काय! दर रविवारी येतात. पेट्रोल लागो न लागो. लागलं तर अर्धा लिटर, पण आमचं हे शंभर ऑक्टेनवालं, शंभर नंबरचंच. परळला मिळत नाही. साध्यात इथेनॉल असतं, जुन्या गाडीचे रबरी पाइप खातं. उभी राहिली की कार्बोरेटर जाम."

दर रविवारी. आणि शेजारच्या रखमाकाकू फोनवर सांगायच्या, अण्णा बुद्धविहारात गेलेत. या रस्त्यावर, या बसगाड्यांमधून, एका अर्ध्यामुर्ध्या डोळ्याने! अनुजाला संताप आला. शब्द दिला होता त्यांनी.

"त्यांना दिसत नाही, माहितीय तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "आंधळ्या माणसाला पेट्रोल भरून देता? उद्या कुणाखाली आले तर?"

राकेश गोंधळला. नळी त्याने परत जागेवर अडकवली.

"बसून कुठे येतात, ताई? ढकलत आणतात."

"काय?"

"फुटपाथच्या कडेकडेने. लालबागपासून. मी बोललो एकदा, अण्णा, वय काय तुमचं, कशाला हे? तर बोलले, मुलीला शब्द दिलाय, बसणार नाही. मागच्या गल्लीत स्टँडला लावून अर्धा तास चालू ठेवतात आणि परत ढकलत घरी." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच अनुजा का? याच गाडीवर शिकलात म्हणे. अण्णा बोलतात, अनुजाला कधी लागली, तर एका किकमध्ये उठली पाहिजे."

परळच्या चढावर वाकलेली अण्णांची पाठ अनुजाच्या डोळ्यांपुढे आली. शहात्तर वर्षांचा माणूस. वाटेतला परळचा पंप सोडून इथवर. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला, तरी ती तशीच उभी.

"ताई, कुठलं टाकू?"

"शंभर नंबर," ती कशीबशी म्हणाली. "टाकी फुल करा."

पंपाबाहेर येऊन तिने हितेंद्रला फोन लावून गाडी विकायची नसल्याचं सांगितलं. तो बराच चिडला. तिने ऐकून घेतलं आणि गाडी लालबागकडे वळवली.

गाडी चाळीत शिरली, तशी खुर्चीतल्या कुशाबांनी आवाजाच्या दिशेने मान फिरवली. गाडी जिन्याखाली स्टँडला लागेपर्यंत ते कान देऊन होते. इतका वेळ कुठे होतीस, हे त्यांनी विचारलं नाही.

"कुठलं टाकलंस?"

"शंभर नंबर."

त्यांनी समाधानाने मान हलवली. अनुजाने चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. हाताला हँडलच्या मुठीचे घट्टे पडले होते. तिने तो हात लगेच सोडला नाही.

"अण्णा, आज मी इथेच राहते. उद्या तुमच्याबरोबर येईन म्हणते. विहारात."

कुशाबांनी चावी दोनदा बोटांत फिरवली, मग खिशात टाकली.

"चालत जावं लागेल," ते म्हणाले.

"माहितीय."