पंधरा दिवसांचा हीटर

मित्रांनो, मी गॅसवर चालणारा एक जुना हीटर आहे. माझा पत्रा पिवळा पडला आहे आणि माझ्या मनाला एक डाग आहे. तो कसा लागला, ते सांगतो.

आमच्या गावात उन्हाचंच राज्य. थंडी पंधरा दिवस येते, पण आली की हाडं गोठवते. शिंपीमास्तर आणि त्यांच्या थोरल्या ताई एकाच खोलीत शिवणकाम करत. ताईंची बोटं आखडू लागली, तेव्हा मास्तर हीटरच्या दुकानात आले. विजेचा हीटर इस्त्रीबरोबर लावला की फ्यूज उडायचा, म्हणून त्यांनी मला निवडलं.

मला भिंतीवर बसवणारा कारागीर भला माणूस होता. माझा धूर बाहेर नेणारी नळी त्याने भिंतीतून काढली. "मास्तर, दर थंडीच्या आधी मला बोलवा, नळी साफ करून देतो. आणि खिडकीवरची ही फट बुजवू नका."

तो गेल्यावर मास्तर हसले. "पंधरा दिवसांच्या पाहुण्याला कसला आलाय वैद्य!"

पहिल्या थंडीत ताई हात शेकत म्हणाल्या, "जिवात जीव आला रे!" मी फुलून गेलो. पण पुढे वर्षभर माझ्यावर अस्तरांचे गठ्ठे पडून राहायचे. कारागिराला कुणी बोलावलं नाही. गार वारा येतो म्हणून मास्तरांनी फटीत चिंध्या कोंबल्या.

चौथ्या वर्षी एका ढगाळ दुपारी ताईंनी मला पेटवलं. माझी ज्योत नेहमी निळी असे, त्या दिवशी पिवळी निघाली. नळीत चिमण्यांनी घरटं केलं होतं. माझा विषारी वायू खोलीतच साठू लागला. त्याला वास नाही, रंग नाही. मला कळत होतं, पण ओरडायला तोंड कुठे होतं?

"डोकं जड झालंय रे," ताई म्हणाल्या.

"थंडीनं असेल. टेक जरा."

ताईंनी मशीनवरच मान टाकली. थोड्या वेळाने मास्तर त्यांना हलवायला उठले आणि गुडघ्यांतून कोसळले.

तेवढ्यात शिवायला टाकलेले कपडे न्यायला शेजारच्या शिक्षिका आल्या. त्यांनी दार सताड उघडलं, माझा खटका बंद केला आणि दोघांना ओढत अंगणात आणलं. मास्तर लवकर सावरले. ताई तीन दिवसांनी दवाखान्यात शुद्धीवर आल्या, पण त्यांचा उजवा हात कापतो तो कापतोच. सुईत दोरा ओवणं त्यांना पुन्हा जमलं नाही.

कारागिराने नळीतून घरटं ओढून काढलं. काड्यांमध्ये मास्तरांच्याच दुकानातले रंगीत धागे गुंफलेले होते. मास्तरांनी ते घरटं हातात घेतलं. "माझ्या आळसानं केलं हे," ते म्हणाले.

मित्रांनो, आम्हांला भिऊ नका, पण गृहीतही धरू नका. थंडी दाराशी येण्याआधी जाणकाराला बोलवा, नळी झाडून घ्या, हवेची वाट मोकळी ठेवा. ज्योत पिवळी दिसली, तर आधी आम्हांला विझवा आणि बाहेर पडा.

आता कारागीर दरवर्षी येतो. माझी ज्योत निळी आहे. ताई माझ्याजवळ बसून बटणं निवडतात. तरी मास्तर घडीघडी शिवण थांबवून विचारतात, "ताई, जागी आहेस ना?"

"आहे रे बाबा, जागी आहे."

मग मशीन पुन्हा चालू लागतं.