पूजेतली गाडी

भोसरीच्या उद्धवराव ठेकेदारांनी ती लाल मोटारसायकल घेतली तेव्हा तिचं इंजिन जाम होतं. पिंपरीत यंत्रं बसवायला आलेला इटालियन इंजिनिअर मायदेशी जाताना ती त्यांच्या गळ्यात मारून गेला. तिकडच्या कंपनीनं असल्या मोजक्याच काढलेल्या. टाकीवर पितळी पट्टीत नंबर कोरला होता, एकोणतीस. पावणेदोनशे सीसी, एकच सिलिंडर, झडपा हलवणारा कॅमशाफ्ट थेट त्याच्या डोक्यावर, मीटर एकशे साठपर्यंत. चिंचवडचा ज्योतीराम मिस्त्री तिच्यावर भाळलाच.

"मजुरी नको म्हणतोस, मग काय पायजे?" उद्धवरावांनी विचारलं.

"एकदा मूठ पुरी पिळून पळवायचीय. पहिल्यांदा मीच."

"दिलं."

त्यानं नवा पिस्टन घालून इंजिन सुरू केलं, पण नवा पिस्टन लगेच पळवला तर खरवडतो. म्हणून ज्योतीरामनं आठशे किलोमीटर तिला पन्नासच्या वर जाऊ दिलं नाही. तळेगावच्या रस्त्यावर एसटी त्याला मागं टाकायची आणि कंडक्टर दात काढायचा. हात शिवशिवायचा, पण गडी पक्का. आठशे पुरे झाले ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला दुपारी मोशीच्या सरळ रस्त्यावर सीमोल्लंघन करायचं ठरलं.

खंडेनवमीला हत्यारं, यंत्रं पूजेला बसली की दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. ज्योतीरामनं उद्धवरावांच्या गोठ्यात गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, शेजारी आपले नटबोल्टचे पाने मांडले आणि दार नुसतं ओढून घरी गेला. पूजेतल्या गाडीला कुलूप कशाला?

दसऱ्याला तो धुतलेला सदरा घालून, खिशात आपट्याची पानं घेऊन आला. एक्झॉस्टची चकचकीत नळी सिलिंडरपाशी निळीजांभळी पडली होती. पन्नासनं चालवून असा रंग येत नाही. नळीवरचं कुंकू जळून काळं झालं होतं.

"कोण घेऊन गेलं होतं, उद्धवराव?"

"पूजेतली गाडी कोण हलवंल?" त्यांनी टाकीवर हात ठेवला. "देवाशपथ, जागची हालली न्हाई."

गाडी पळवल्याचं दुःख ज्योतीरामनं कसंबसं गिळलं असतं, ही शपथ गिळवेना.

"मागितली असतीत, तर पहिला मान मीच तुम्हाला दिला असता."

उद्धवरावांनी आपट्याचं पान पुढं केलं. "सोनं घे. आन् जा की घेऊन, अजून लई पळंल."

ज्योतीरामनं पान घेतलं, टाकीवर नंबराशेजारी ठेवलं आणि आपले पाने गोळा केले. स्वतः आणलेलं सोनं खिशातच ठेवून तो चिंचवडला पायी निघाला.