साडेअकराचा व्हॉल्व्ह

“भाऊ, फोन कोणाचा?” समई पुसता पुसता लवूने विचारले.

“ऑफिसचा,” मी म्हणालो.

फोन लवूच्या गावाहून, नाटे येथून होता, त्याच्या पुतण्याचा, निलेशचा. लवूचे थोरले बंधू आबा पहाटे गेले होते. निलेश म्हणाला, “काकाला इतक्यात सांगू नका. आता घरात गणपती बसायचा नाय. निदान तेच्या हातची पूजा तरी होऊंदे. बाराला उचलणार. तोवर अख्ख्या वाडीच्या पूजा खोळंबल्यात.”

बातमी कानावर येईपर्यंत सुतक लागत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. एकतीस वर्षांच्या नोकरीत लवू चतुर्थीला घरी गेला नाही, असे हे पहिलेच वर्ष. जोडीचा ऑपरेटर इस्पितळात, आणि सणाच्या दिवशी रत्नागिरीचे पाणी बंद ठेवता येत नाही. म्हणून मी आणि आमचा मदतनीस संदेश, आम्ही दोघांनी पंपहाऊसमागच्या खोलीत त्याच्यासाठी मूर्ती आणली होती.

मी फोरमन, मी वेळेचे गणित मांडले. आता नऊ. पूजा पाऊण तासाची, मोटारसायकलने नाटे दोन तास. पंधरा मिनिटे हाताशी उरत होती. संदेशला बाहेर नेऊन सांगितले. तो पेट्रोल भरून आला आणि दारात गाडी लावून थांबला.

मोबाईलवर भटजी मंत्र सांगत होते. लवू दर मंत्राला त्यांना थांबवून एकेक दूर्वा नीट लावीत होता.

“लवू, जरा आटप.”

“घाई कसली, भाऊ? ह्यो काय पंप हाय, बटन दाबला नि झाला?”

आरत्या संपल्या, तशी त्याने आणखी एक धरली. “ही आबाची. ही म्हटल्याबिगर आमच्याकडे ताट खाली ठेवत नायत.”

मला त्याला थांबवता आले नाही. दहा वाजले. बाहेर संदेशने गाडी सुरू केली. लवूने तिकडे पाहिले, मग माझ्या चेहऱ्याकडे.

“आबा?”

मी मान हलवली. माझ्यापुढे केलेले ताट त्याने मागे घेतले, जमिनीवर ठेवले आणि तो मूर्तीपासून दोन पावले मागे सरला.

“कधी?”

“पहाटे. बाराला नेणार आहेत.”

त्याने घड्याळ पाहिले. “साडेअकराला टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. नायतर पाणी वाहून जाईल.” एवढे बोलून तो गाडीवर बसला.

मी निलेशला फोन करून थांबायला सांगितले. “वाडी किती थांबणार, भाऊ?” तो म्हणाला.

रस्ताभर माणसे मूर्ती डोक्यावर घेऊन घराकडे निघाली होती. त्यांच्या मागून हॉर्न कोण वाजवणार? हे मी गणितात धरले नव्हते. लवू पोचला तेव्हा चिता पेटली होती.

चौदाव्या दिवशी तो कामावर आला. मी शब्द जुळवीत होतो, तेवढ्यात त्यानेच विचारले, “त्या दिवशी व्हॉल्व्ह बंद केलात ना?”

“बरोबर साडेअकराला.”

“वेळेवर केलात,” तो म्हणाला आणि मुंडन केलेले डोके खाली घालून व्हॉल्व्हचे चाक पुसू लागला.