पास झालेलं डोकं

मित्रांनो, मी एक जुनं डोकं आहे. धड नाही, कान नाहीत, आत मेंदूच्या जागी धक्का मोजणारं यंत्र. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत हेल्मेट तपासतात, तिथे माझी नेमणूक. मला हेल्मेट घालायचं, वर न्यायचं आणि खालच्या लोखंडावर सोडून द्यायचं. एकवीस वर्षं हेच चाललंय. कौतुक म्हणाल, तर पाहुण्यांनी दोनदा फोटो काढलेत.

धक्का ठरलेल्या रेघेखाली राहिला की हेल्मेट पास. ही रेघ आली कुठून? फार पूर्वी परदेशात संशोधकांनी मेलेल्या माणसांच्या कवट्या आपटल्या, जनावरांवर प्रयोग केले, हाड कितीला तडकतं ते पाहिलं. जिवंत माणसाला आपटून बघता येत नाही, हेही खरंच. पण मेलेल्याला चक्कर येत नाही, आणि तो काही विसरतही नाही.

मला वर चढवून सोडणारा लहानू विंचूरचा. गेल्या श्रावणात कामावर येताना मोटारसायकलवरून पडला. डोक्यावर हेल्मेट होतं, कवटी शाबूत राहिली. आठवड्यात हजर झाला. सगळे म्हणाले, "वाचलास लेका!"

दसऱ्याला त्याने यंत्रांची पूजा केली, मला हळदकुंकू लावलं. थोड्या वेळाने पुन्हा ताट घेऊन आला, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा सगळे खो-खो हसले. मला कसलं हसू येतंय! त्यानंतर कामात चुका वाढल्या. साहेब म्हणाले, सोंग करतोय.

इथल्या इंजिनिअर शुभांगी मॅडमनी लहानूचं होतं तसंच हेल्मेट मला घातलं आणि तो पडला तसं मला आपटलं. आकडा रेघेखाली आला.

"पास! मग याला झालंय काय?" साहेबांनी विचारलं.

"सर, ही रेघ हाड फुटण्याची आहे. विसरण्याची रेघ अजून कुणालाच नीट आखता आलेली नाही."

"ते मी कागदावर कसं लिहू?"

लहानूची बायको नवसाबाई त्याला घेऊन आली होती. "सायेब, सोंग नाय हो हे. पोरीला हाक मारायला जात्यात अन् नावच सापडत नाय त्यांना."

लहानू खाली मान घालून उभा होता. त्याला कामावरून काढलं, आणि पुरावा म्हणून माझाच आकडा जोडला. लाज वाटते मला त्या आकड्याची.

मित्रांनो, हेल्मेट घाला, पट्टा नीट आवळा. पण डोक्याला मार लागलेला माणूस 'मला बरं नाही' म्हणाला, तर आधी त्याचं ऐका. इथे लहानूला कुणी काही विचारलंच नाही. विचारलं मला, आणि मला तर आजवर एकदाही दुखलेलं नाही.